बालकुपोषण आणि ‘प्रथिन-तुटी’चा सिद्धांत : एक ऐतिहासिक अवलोकन

तीव्र बालकुपोषणाविरुद्धच्या जागतिक प्रयत्नांचा इतिहास हा काही अंशी एका सदोष निदानाचाही इतिहास आहे. गोल्ड कोस्ट (आजचा घाना) येथे कार्यरत असलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये अंगावर सूज येणाऱ्या बालकांच्या आजाराचे वर्णन केले आणि १९३५ मध्ये त्याचे गा भाषेतील ‘क्वाशिओरकोर’ हे नाव वैद्यकविश्वासमोर ठेवले. धाकटे भावंड आल्याने अंगावरचे दूध तुटलेल्या मुलाचा आजार, असा या नावाचा आशय. नावातच सामाजिक कारण दडलेले होते; तज्ज्ञांनी मात्र त्यातून प्रथिनांचा अभाव तेवढा उचलला.

ब्रॉक व ऑत्रे यांच्या आफ्रिकेविषयीच्या १९५२ च्या अहवालाने या मताला बळ दिले. १९५५ मध्ये प्रथिन सल्लागार गट स्थापन झाला. १९६८ मध्ये तर संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या ‘प्रथिन-संकटा’चा इशारा दिला. माशांची भुकटी, सरकीचे पीठ, इतकेच नव्हे तर खनिज तेलावर वाढविलेले सूक्ष्मजीव यांवर संशोधन सुरू झाले. गरिबाच्या ताटात भाकरीच अपुरी आहे, हा साधा मुद्दा मागे पडला.

तो पुढे आणणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे हे अग्रणी होत. उष्मांक अपुरे पडले की शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. म्हणून खरी तूट बहुतांशी अन्नाचीच आहे, असे त्यांनी भारतीय आहाराच्या आकडेवारीवरून १९७० च्या सुमारास मांडले. (अल्प आहाराशी शरीर जुळवून घेते, हे त्यांचे नंतरचे मत वादग्रस्त ठरले, तो स्वतंत्र विषय आहे.) एकाच प्रकारच्या आहारावरील काही मुलांना क्वाशिओरकोर, तर काहींना सुकटी होते, हे हैदराबादच्या डॉ. गोपालन यांचे निरीक्षणही प्रचलित सिद्धांताला छेद देणारे होते. १९७४ मध्ये मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मधून या साऱ्या प्रकरणाची ‘प्रथिनांचा महाफज्जा’ अशा अर्थाच्या शब्दांत संभावना केली. तोपर्यंत जवळजवळ दोन दशके गेली होती.

उपचारपद्धतीतही हा बदल उमटला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेतील ‘एफ-७५’ या आरंभीच्या दुधात १०० मिलिलिटरमागे ७५ उष्मांक, पण प्रथिने एक ग्रॅमहूनही कमी असतात. कारण खंगलेल्या बालकाच्या शरीराला सुरुवातीला अधिक प्रथिने झेपत नाहीत.