पावकी-निमकी आणि अपूर्णांकातील अंश व छेद

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. तत्कालीन मराठी शाळांतून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेतले जात. पाठांतराने हिशेबाला वेग आला. अर्थ मात्र नाण्यांनी दिला. रुपयाचे १६ आणे. म्हणून १२ आणे म्हणजे पाऊण रुपया. येथे १६ हा छेद, म्हणजे एकूण समान भाग, तर १२ हा अंश, म्हणजे घेतलेले भाग होत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली आणि हा हाताळता येणारा छेद व्यवहारातून लोपला. राजारामपुरीच्या बाजारपेठेत ‘सव्वा’, ‘दीड’ हे शब्द आजही रूढ आहेत. अपूर्णांकाच्या अध्यापनाचा आरंभ त्यांपासूनच व्हावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.