कुर्ल्याची फियाट, साताऱ्याची प्रिया आणि आपलं पार्किंग

आपल्या सोसायटीची नोंदणी झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी बाहेर पडणं कायमचं थांबलं, या दोन्ही गोष्टी साधारण एकाच सुमारास घडल्या. त्यामुळे सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत गाड्यांवर लेख कशाला, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर तयार आहे. शिवाय संपादक मंडळातल्या ताईंनी "काका, तुमच्या त्या गाडीबद्दल लिहा" असं दोनदा सांगितलं. तेव्हा लिहितो.

माझ्या आयुष्यात जेवढ्या गाड्या आल्या, त्या सगळ्या या ना त्या नात्याने इटलीच्या. हा योगायोग म्हणावा तर तसा नाही. त्यामागे इतिहास आहे आणि त्या इतिहासाचा एक धागा आपल्या सांगलीतून जातो.

विश्रामबागला ज्यांचं नाव लावलेलं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, ते शेठ वालचंद हिराचंद. जन्म सोलापूरचा, १८८२ सालचा. जहाजं, विमानं, साखर, सगळ्यांत हात घातला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा गाड्या जोडल्या. पण या मोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या गाड्या. आपल्या रस्त्यांना आणि खिशांना झेपणारी लहान गाडी हवी होती. म्हणून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फियाटशी संबंध जोडला गेला. फियाट हे नाव चार शब्दांच्या आद्याक्षरांचं आहे, त्याचा अर्थ 'तोरिनो इथला इटालियन मोटार कारखाना'. स्थापना १८९९. त्यांच्या लिंगोत्तो इथल्या पाच मजली कारखान्याच्या गच्चीवर गाड्या पळवून बघायचा ट्रॅक होता. आपल्या गच्चीवर पापड वाळत घालायचे की नाहीत यावर सभा होते, हे सहज आठवलं.

त्याच काळात सरकारने धोरण ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी इथे थांबू नये, हळूहळू गाडी इथेच बनवावी. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेले. उरल्या मुख्यतः तीन गाड्या: कलकत्त्याची हिंदुस्थान, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची फियाट. महाराष्ट्रात फियाटचं राज्य झालं ते असं.

इटलीत १९५३ साली आलेलं ११०० मॉडेल वर्षभरातच कुर्ल्यात बनू लागलं. गोलमटोल पाठ, पुढे उभट नाक आणि पुढचे दरवाजे उलटे उघडणारे. लोकांनी तिचं नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. नाव जरा ओबडधोबड आहे, पण ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना पटेल. आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, १९६८ साली साताऱ्यात अशीच एक वापरलेली डुक्कर फियाट घेतली. नाना जिल्हा न्यायालयात वकिली करत. नवी गाडी घ्यायची तर नोंदणी करून वर्षानुवर्षं नंबर लागण्याची वाट बघायची, असा तो काळ. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनीसुद्धा फियाट घेतली ती बँकेचं ५,००० रुपये कर्ज काढून. गाडी सुमारे १२,००० ची. त्यांच्या निधनानंतर ललिताबाईंनी ते कर्ज पेन्शनमधून फेडलं. नाना ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगत आणि मग चहा मागवत.

आमच्या आळीत ती एकच गाडी. त्यामुळे ती आमची अशी फारशी नव्हतीच. रात्री दोन वाजता कडी वाजली की आई न विचारता किल्ली काढून ठेवायची. कुणाची सून अडलेली असायची, कुणाला साप चावलेला असायचा. एकदा भर पावसात शेजारच्या काकूंना मिरजेला न्यायचं ठरलं. मिरज म्हणजे तेव्हापासून दवाखान्यांचं गाव. मी मागच्या सीटवर काकूंचं डोकं धरून बसलो होतो. कऱ्हाडच्या पुढे वायपर बंद पडला. नानांनी काच खाली करून, उजवा हात बाहेर काढून, फडक्याने काच पुसत पेठ नाक्यापर्यंत गाडी आणली. काकू वाचल्या. त्यांचा तो मुलगा आज पन्नाशीचा आहे आणि दर दिवाळीला मला फोन करतो. गाडी म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळलं. त्यानंतर घेतलेल्या प्रत्येक गाडीकडे मी त्याच हिशोबाने बघत आलो.

पुढे शिकायला सांगलीला आलो आणि इथलाच झालो. नोकरी लागल्यावर पहिलं वाहन घेतलं ते स्कूटर, 'प्रिया'. आता तुम्ही म्हणाल, प्रिया कुठली इटालियन? सांगतो. इटलीच्या पियाज्जो कंपनीने १९४६ साली व्हेस्पा काढली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. ती रचली विमानं बनवणाऱ्या एका इंजिनिअरने, कोर्रादिनो दास्कानिओ त्यांचं नाव. म्हणून तिला सायकलसारखा सांगाडा नाही, पत्र्याचं अंगच सगळा भार घेतं. बजाजने १९६० पासून पियाज्जोच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली. १९७५ मध्ये बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि कारखाना टाकला तो आमच्या साताऱ्यात. तिथून निघाली प्रिया. इंजिन उजव्या बाजूला, त्यामुळे गाडीचा तोल थोडा उजवीकडे. सकाळी सुरू होत नसेल तर डावीकडे आडवी करायची, पुन्हा उभी करायची आणि किक मारायची. ही कवायत आपल्यातल्या साठीच्या पुढच्या प्रत्येकाने केलेली आहे. एका स्कूटरवर नवरा, बायको, दोन मुलं आणि पुढे गॅसचं सिलिंडर, हे दृश्य आता तरुण मंडळींना खरं वाटत नाही.

१९८६ साली मी पद्मिनी घेतली. नवी, कोरी, कर्ज काढून. ही पद्मिनी म्हणजे मूळ इटलीचीच फियाट ११०० डी. कुर्ल्यात ती १९६४ पासून 'डिलाइट' नावाने बनत होती. पुढे फियाटचं नाव गेलं, काही काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि मग चितोडच्या राणीवरून 'पद्मिनी'. इटलीने हे मॉडेल साठच्या दशकातच बंद केलं, आपण मात्र ते २००० च्या उंबरठ्यापर्यंत बनवलं. १,०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टेअरिंगलाच लावलेला हँडल गिअर आणि पुढे सोफ्यासारखी सलग सीट.

मी गाडी घेतली तेव्हा मारुती ८०० येऊन तीन वर्षं होत आली होती. ऑफिसातले सगळे म्हणाले, "अहो, जुनाट डबा कशाला घेता?" मी म्हटलं, यात सहा माणसं बसतात आणि एक माणूस आडवाही झोपू शकतो. मनात मिरजेची ती रात्र होती.

पद्मिनी चालवणं ही एक विद्या होती. थंडीत चोक किती ओढायचा आणि कधी आत ढकलायचा, हे हाताला कळायला लागायचं. उन्हाळ्यात पुण्याला जाताना खंबाटकी चढली की तापायची, कधी पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ होऊन बंद पडायची. मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं, दशम्या सोडायच्या. दशम्या संपेपर्यंत गाडी तयार. घाटात निम्म्या फियाट अशाच उभ्या असत आणि तेवढ्यात ओळखी होत. आमच्या एका चुलत बहिणीचं स्थळ तिथंच जमलं, ही थट्टा नाही.

या गाड्या जिवंत ठेवल्या त्या मिस्त्रींनी. माझे मिस्त्री मिरजेचे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी कानाने लावणारे कारागीर आहेत. चाचा तसे कानाने टॅपेट लावायचे. लाकडी दांडक्याचं एक टोक इंजिनवर, दुसरं कानाला. डोळे मिटून म्हणायचे, "तिसरा सिलिंडर नाराज है, साहेब." आणि तिसराच असायचा.

यानंतर मी २००० मध्ये वापरलेली युनो घेतली, पुढे पालिओ, मग पुंटो. युनो १९९६ मध्ये आपल्याकडे आली. तिची आखणी जुजारो या नामवंत इटालियन संकल्पकाची. नोंदणीला देशभर झुंबड उडाली होती, पण कुर्ल्याला कामगारांचे वाद झाले आणि ती हवा ओसरली. २००१ ची पालिओ आठवते ती सचिनच्या जाहिरातीमुळे. दरवाजा लावला की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज यायचा. पेट्रोल मात्र तीही तशीच प्यायची. पुढे फियाटने टाटांबरोबर पुणे जिल्ह्यात रांजणगावला कारखाना चालवला आणि २००९ मध्ये लिनिया आणि पुंटो आल्या. दहा-अकरा वर्षांत फियाट हे नाव भारताच्या बाजारातून गेलं.

नाव गेलं, पण गाडी गेली का? एखाद्या रविवारी आपल्या पार्किंगमध्ये चक्कर मारा. ज्यांच्याकडे जुनी डिझेल स्विफ्ट आहे, त्यांच्या बॉनेटखालचं १,२४८ सीसीचं इंजिन मुळात फियाटचं मल्टिजेट आहे. ज्यांच्याकडे पहिली इंडिका होती, तिचं रूप तोरिनोमध्ये आखलेलं. जीप कंपास बनते ती रांजणगावलाच. आणि गंमत अशी की, ज्या क्रायस्लरशी वालचंद शेठजींनी आधी करार केला आणि ज्या फियाटशी नंतर संबंध जुळला, त्या दोन्ही कंपन्या २०१४ मध्ये एकच झाल्या.

आता २०१९ बद्दल. ऑगस्टच्या त्या आठवड्याबद्दल आपल्यापैकी कुणालाच नव्याने सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. २००५ च्या पुरात पाणी आपल्या गेटपाशी थांबलं होतं, तीच शेवटची रेघ असं सगळं गाव धरून चाललं होतं. या वेळी पार्किंगमध्ये छातीभर पाणी आलं. आपण सगळे वरच्या मजल्यांवर, नंतर होडीतून बाहेर. पाणी ओसरल्यावर चिखलात उभ्या असलेल्या गाड्यांची ती रांग आठवली की अजून पोटात कालवतं. माझी पुंटो गेली. सर्व्हेअरने दहा मिनिटांत 'टोटल लॉस' लिहिलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या पेट्यांत पाणी शिरलं की इलाज नसतो. आपल्यातल्या कितीतरी जणांचं तेच झालं, काहींचे तर हप्तेही फिटले नव्हते.

पद्मिनी शेजारीच चिखलात उभी होती, तेहतीस वर्षांची. चाचांचं वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढे. त्यांच्या स्वतःच्या गॅरेजातही चिखल होता, तरी ते तिसऱ्या दिवशी आले. प्लग काढले, ऑइल सोडलं, कार्बोरेटर उघडून रॉकेलने धुतला. डिस्ट्रिब्युटर पुसून उन्हात ठेवला. डायनॅमो वाइंडिंगला पाठवला. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून, गाडी चौथ्या गिअरला टाकून, आपल्या मुलांनी ती मागे-पुढे ढकलत इंजिन मोकळं केलं. नवव्या दिवशी ती सुरू झाली. आधी काळा धूर, मग पांढरा, मग तोच जुना आवाज. झाडू-फावडी घेतलेली सगळी मंडळी टाळ्या वाजवायला लागली. पुढचे काही दिवस सोसायटीत चालणारी चारचाकी ती एकच होती. पिण्याच्या पाण्याचे कॅन, औषधं, बी विंगमधल्या आजींचं डायलिसिस, सगळं तिनेच केलं. नानांच्या आळीतले दिवस परत आले, पन्नास वर्षांनी.

चाचा आता नाहीत. त्यांचा मुलगा लॅपटॉप जोडून गाड्या तपासतो, हुशार आहे, पण कार्बोरेटरला हात लावत नाही. मुंबईत पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुदत संपून बाद झाली. जुनी गाडी ठेवणं महागही झालं आहे. २०२२ मध्येच नुसत्या फेरनोंदणीची फी ५,००० रुपये झाली होती, पर्यावरण कर वेगळा. नियम चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही, धूर शेवटी आपल्याच नातवंडांच्या नाकात जातो.

गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत वापरात नसलेल्या गाड्या पार्किंगमधून हलवाव्यात असा ठराव आला, तो योग्यच आहे. माझी पद्मिनी त्या यादीत बसत नाही, कारण ती दर रविवारी सुरू होते आणि महिन्यातून एकदा हरिपूरच्या संगमावर जाऊन येते. आपल्या गणपतीची मूर्ती दरवर्षी तिच्यातूनच येते आणि सोसायटीच्या तीन लेकी तिच्यातूनच सासरी गेल्या. माझ्यानंतर ती कुणी सांभाळणार असेल, तर एक अट आहे: चोक, पॉइंट आणि प्लग हे तिन्ही आधी माझ्याकडून शिकून घ्यायचे. सी विंगमधली आठवीतली एक मुलगी परवाच येऊन विचारून गेली, "आजोबा, हे पॉइंट घासायचे कसे?" तिला पुढच्या रविवारी सकाळी नऊला बोलावलं आहे. आणखी कुणाला यायचं असेल तर जुने कपडे घालून यावं.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.