ऊन पाण्याच्या कुंडाला भिंत कुणी घातली?

सोलापूर–धुळे महामार्गावर मांजरसुंब्याला चौफुला लागतो. एक रस्ता पाटोद्याकडे जातो, दुसरा केज-अंबाजोगाईकडे. जवळच बालाघाटाच्या घळीत कपिलधार आहे: मन्मथस्वामींची समाधी आणि कड्यावरून कोसळणारी धार. कार्तिकी पौर्णिमेला वीरशैव समाजाच्या दिंड्या इथे येतात. धारेखाली उभं राहिलं की अंघोळ झाली. त्यासाठी पायऱ्या, टाकं, आडोसा काही लागत नाही. पाणी गार असतं, आणि गारच असणार.

ज्या काळ्या खडकावर मांजरसुंबा वसलंय, तोच खडक सह्याद्री ओलांडून कोकणापर्यंत पसरलेला आहे. तरी तिकडे पाणी वाफाळतं आणि इकडे नाही. बालाघाटात पावसाचं पाणी लाव्हाच्या थरांमधून थोडंसंच खाली मुरतं, दोन थरांच्या सांध्यातून आडवं सरकतं आणि पहिल्या कड्याशी बाहेर पडतं. जमिनीची ऊब त्याला लागतच नाही. कोकणात मात्र किनाऱ्याला समांतर खोल भेगा आहेत. त्यांतून पाणी फार खाली उतरतं. किलोमीटरभर खाली गेलं की जमीन साधारण पंचवीस ते तीस अंशांनी तापलेली असते. तिथे पाणी तापतं, हलकं होतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. ज्वालामुखीशी याचा संबंध नाही. पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात असे झरे जवळजवळ अठरा ठिकाणी आहेत: अकलोली, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वराकडची आरवली, तुरळ आणि राजवाडी, राजापूरचं उन्हाळे. मराठवाड्यातल्या माणसाला ऊन पाण्यात बसायचं असेल तर किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वर आहे, आणि खानदेशात चोपड्याकडे उनपदेव.

कुंडाची कुळकथा या दोन पाण्यांच्या फरकातूनच सुरू होते. धबधबा वरून पडतो, त्याला बांधावं लागत नाही. ऊन पाणी खालून येतं. नदीकाठच्या वाळूतून, चिखलातून, कातळाच्या चिरेतून बुडबुडे सोडत ते वर येतं आणि लगेच पसरून जातं. त्यात अंघोळ करायची तर आधी गाळ उपसावा लागतो, पुराचं पाणी आत शिरू नये म्हणून कठडा उभारावा लागतो, आणि मुख्य म्हणजे ते निववावं लागतं. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास असतं. त्यात पाय टाकायची सोय नाही. म्हणून झऱ्याच्या तोंडाशी एक टाकं, त्याचं ओसंडणारं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात. अकलोलीला कुंडं एकाशेजारी एक आहेत आणि प्रत्येकाची ऊब वेगळी. सोसेल त्या कुंडात बसायचं. ही साधी युक्ती पहिल्यांदा कोणत्या पाथरवटाला सुचली त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. मला मात्र सगळ्या गोष्टीत तोच मोठा वाटतो.

दगड बसला, मग देव आला. उनकेश्वर आणि उनपदेव, दोन्हीकडे कथा जवळपास एकच सांगतात. शरभंग ऋषींना व्याधी जडली होती, रामाने बाण मारला आणि जमिनीतून ऊन पाणी निघालं. त्वचेचं दुखणं घेऊन माणसं आजही तिथे येतात, ती याच कथेच्या भरवशावर. या पाण्याने नेमकं काय बरं होतं हा प्रश्न डॉक्टरांचा. पण कथेने एक काम नक्की केलं: झऱ्याला मालक मिळाला, आणि तो मालक देव होता. कुणा पाटलाला किंवा सावकाराला पाणी विकता आलं नाही. कुंडाशेजारी महादेवाचं देऊळ उभं राहिलं, पुढे धर्मशाळा आली, यात्रा भरू लागली. तानसा नदीकाठची कुंडं तर वज्रेश्वरीच्या परिसरातली. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, १७३९मध्ये वसई पडली आणि वज्रेश्वरीचं तटबंदीचं देऊळ बांधलं गेलं. पुढे गणेशपुरीला नित्यानंदस्वामी राहिले. १९६१मध्ये त्यांनी देह ठेवला, तोवर तिथल्या कुंडांचं नाव दूरवर पोचलं होतं. भूवैज्ञानिक थॉमस ओल्डहॅम यांनी देशभरच्या ऊन झऱ्यांची यादी केली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला, मुलाने छापली. त्या यादीतल्या तीनशेच्या आसपास झऱ्यांना सरकारी कागदावर जागा मिळाली. देवाच्या दप्तरात ते कधीचेच होते.

मालक देव असला की पाणी फुकट राहतं. पण देवाच्या दारात ज्याला मज्जाव, त्याला कुंडातही मज्जाव. इथे कुंडाला दुसरी भिंत उभी राहिली, आणि ती दगडाची नव्हती. ऑगस्ट १९२३मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुल्या करायचं ठरलं. ठराव झाला, पाणी मिळालं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. तळं गार पाण्याचं, पण त्याच महाडपासून जवळ सावित्रीच्या काठी सवची ऊन कुंडं आहेत. तळ्याचा खटला जवळजवळ दहा वर्षं चालला आणि मार्च १९३७मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला. आपल्याकडच्या कुंडाला ‘सार्वजनिक’ म्हणायचं, तर त्या शब्दाची जन्मतारीख मी यादवांच्या किंवा पेशव्यांच्या काळात शोधणार नाही. ती या चौदा वर्षांत आहे.

अशी भिंत आपल्याकडेच होती असं नाही. जपानमध्ये मात्सुयामा शहरात दोगोचा झरा आहे. पायाला जखम झालेला बगळा त्या पाण्यात उभा राहून बरा झाला आणि माणसांना झऱ्याचा गुण कळला, अशी तिथली कथा. सतराव्या शतकात तिथल्या सरदाराने स्नानगृहं नीट बांधून घेतली तेव्हा सामुराई आणि भिक्षूंचं कुंड निराळं, बायकांचं निराळं, सामान्य पुरुषांचं निराळं होतं. १८९४मध्ये गावाचे प्रमुख इसानिवा युकिया यांनी खर्चाच्या भीतीने झालेला विरोध सोसून तिथे तीन मजली लाकडी स्नानगृह उभं केलं. मालक देव नाही, सरदार नाही, गाव. तिकीट काढायचं, आधी अंग स्वच्छ धुवायचं, मग कुंडात उतरायचं. १८९९मध्ये सम्राटाच्या घराण्यासाठी वेगळं दालन झालं, पण तिकीट काढून येणाऱ्यांची दारं बंद झाली नाहीत. २०१९पासून तिथे दुरुस्ती चालली होती; २०२४च्या जुलैत ती वास्तू पुन्हा पूर्ण उघडली, आणि दुरुस्तीच्या काळातही तिथे अंघोळ थांबली नव्हती.

आपल्या कुंडांना असा गाव-मालक अजून पुरता मिळालेला नाही. देवस्थान, ग्रामपंचायत, पर्यटन खातं, पुरातत्त्व खातं: बोट दाखवायला हात पुष्कळ, गाळ उपसायला थोडे. आणि कुंडाचा निम्मा वाटा, बायकांचा, अजून अपुराच आहे. उघड्या कुंडात पुरुष हवं तेव्हा उतरतो. बाई पहाटेच्या अंधारात येते, नेसत्या लुगड्यानिशी बुडी मारते आणि ओल्या अंगानेच परत फिरते. तिच्यासाठी भिंत हवी आहे, छत हवं आहे, कपडे बदलायला कोरडी जागा हवी आहे. आणि पाण्याची ओळ लावताना झऱ्याच्या तोंडचं पहिलं पाणी पुरुषांकडे आणि ओसंडलेलं बायकांकडे असं होऊ नये. मुळातच पाणी दोन्ही बाजूंना वाटून दिलं पाहिजे, म्हणजे तिच्या कुंडातही तीच ऊब येईल.