कुठं शिकलास?

काही वर्षांपूर्वी एका तुरुंगात कवितावाचनाला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर सुतारशाळेतला एक तरुण जवळ आला. म्हणाला, "सर, रंधा चांगला चालतो माझा. पण बाहेर कोणी विचारलं, कुठं शिकलास, तर काय सांगू?" मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन पुस्तके चाळू लागलो.

इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यात वॉटर्लू दालन आहे. तिथला सुमारे दोन टनांचा अखंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी विणला. निमित्त होते व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे, १८८७ सालचे. विणणारा सुटून गावी गेला असेल, तेव्हा एवढा माग त्याच्या कोणत्या घरात मावला असेल?

त्या काळी तुरुंगांत उद्योग भरपूर होते. आपल्या येरवड्याचे गालिचेही नावाजलेले. पण कैद्याच्या पुढच्या पोटापाण्यापेक्षा तुरुंगाच्या खर्चाचा विचार अधिक. बेळगावात जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० मध्ये हिंदी कारागिरीवर ग्रंथ लिहिला. तुरुंगातल्या स्वस्त मालाच्या स्पर्धेने परंपरागत गालिच्यांची कला खालावली, ही त्यांची तक्रार. त्यांना काळजी कलेची होती. मला दिसतो तो सुटलेला कैदी. ज्या विणकराच्या दारी तो काम मागायला जाणार, त्याच्याच पोटावर तुरुंगाने पाय दिलेला! अंदमानच्या कोलूविषयी तर बोलायलाच नको. तो निव्वळ छळ होता.

कैदी सुधारला पाहिजे, हे १९१९-२० च्या तुरुंग समितीने मान्य केले. पण ते करून पाहिले एका लहानशा संस्थानाने. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. भोवती तट नाही, कैदी शेती करणार, बायकामुले सोबत. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा १९५७ चा चित्रपट त्यावरूनच सुचलेला. कथा गदिमांची, आणि त्यांचे माडगूळही आटपाडी तालुक्यातलेच. खेड्यातल्या माणसाला सुटल्यावर जे करायचे तेच तो इथे करीत होता, आणि घर तुटत नव्हते. मला वाटते, स्वतंत्रपूरचे खरे शिक्षण हेच.

पुढे १९८० मध्ये न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांची समिती नेमली गेली. मी त्यांना आधी उर्दू शायर म्हणूनच ओळखत होतो. (नावावरून गैरसमज नको, ते काश्मिरी पंडित.) १९८३ च्या त्यांच्या अहवालात धंदेशिक्षणाबरोबर सुटकेनंतरच्या मदतीवरही भर आहे. यातला दुसरा भाग आपण नेहमी विसरतो. रंधा हाती देतो, गिऱ्हाईक देत नाही.

त्या तरुणाला आज भेटलो तर सांगेन, दाखला आयटीआयचा माग. त्यावर तुरुंगाचे नाव नको.