वसाहतकालीन भारतातील हौशी व मिशनरी चित्रपट

ब्रिटिश अमदानीत भारतात राहणारे सनदी व लष्करी अधिकारी, चहामळ्यांचे व्यवस्थापक, अभियंते, ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि काही संस्थानिक व धनिक कुटुंबे यांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने घेतलेले अव्यावसायिक चलच्चित्रण. त्याचा बहराचा काळ साधारणपणे १९२३ ते १९४७. चित्रपटगृहातील तिकिटाशी या चित्रणाचा संबंध नव्हता. ते घरच्या माणसांना, क्लबातल्या मित्रांना किंवा मायदेशातील चर्चच्या मंडळीला दाखवण्यासाठी केलेले असे. त्याचे गुण आणि मर्यादा या ठरावीक प्रेक्षकामुळे ठरल्या.

पूर्वपीठिका : ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा भारतातील पहिला खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजी झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईतील हँगिंग गार्डन येथील कुस्ती चित्रित केली. १९०१ मध्ये रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण केले. भारतीय वार्तापटाचा आरंभ येथून मानतात. परदेशी कंपन्यांना दरबारी थाटाचे आकर्षण होते. १९११ च्या दिल्ली दरबाराचे किनेमाकलर पद्धतीचे रंगीत चित्रण चार्ल्स अर्बनने १९१२ मध्ये लंडनमध्ये दाखवले. ही सारी कामे ३५ मिमी. फिल्मवर होत. तिचा नायट्रेटचा पाया ज्वालाग्राही असल्याने आणि यंत्रसामग्री अवजड व महाग असल्याने घरगुती वापर कठीण होता.

तंत्र : पाते कंपनीची ९.५ मिमी. फिल्म १९२२ मध्ये, तर कोडॅकची १६ मिमी. फिल्म १९२३ मध्ये बाजारात आली. सहज पेट न घेणारा ॲसिटेटचा पाया, हातात मावणारा कॅमेरा आणि पुढे आलेली किल्लीची यंत्रणा यांमुळे नवख्या माणसालाही चित्रण जमू लागले. कोडॅकची ८ मिमी. फिल्म १९३२ मध्ये आणि कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ मध्ये निघाली. १६ मिमी.च्या शंभर फुटी रिळात सेकंदाला १६ चौकटी या वेगाने जेमतेम चार मिनिटांचे चित्रण मावे. त्यामुळे दृश्ये तुटक व आखूड असत. बहुतेक रिळे मूक आहेत. रिव्हर्सल पद्धतीत कॅमेऱ्यातलीच फिल्म धुऊन पडद्यावर दाखवण्याजोगी होई, वेगळी निगेटिव्ह उरत नसे. म्हणून अशी अनेक रिळे एकमेव प्रत म्हणून शिल्लक आहेत.

हौशी चित्रण : शिकार, पोलो, छावणीचा मुक्काम, थंड हवेच्या ठिकाणचा उन्हाळा, बोटीवरचा निरोप, आयाच्या कडेवरचे मूल आणि बागेतला चहा हे नेहमीचे विषय. नोकरचाकर बहुधा चौकटीच्या कडेला किंवा पाठमोरे दिसतात आणि क्वचितच त्यांची नावे नोंदलेली असतात. तरीही बाजार, घाट, पूल-रस्त्यांची कामे, पेहराव आणि वाहने यांची अनाहूत नोंद येथे सापडते. काहींनी अभ्यासू दृष्टीने चित्रण केले. अर्सुला ग्रॅहम बॉवर यांनी नागा टेकड्यांत केलेले चित्रण हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांचा संग्रह ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहे.

मिशनरी चित्रण : मिशनकार्याची माहिती देण्यासाठी १९ व्या शतकात जादूच्या कंदिलाच्या काचा वापरत, चित्रपटाने त्यांची जागा घेतली. साल्व्हेशन आर्मीच्या मेलबर्न येथील लाइमलाइट विभागाने १९०० च्या सुमारासच कंदिलाच्या काचा व चलच्चित्रे यांचा एकत्र वापर केला होता. रजेवर मायदेशी गेलेला मिशनरी गावोगावच्या चर्चमध्ये रिळे दाखवून स्वतः निवेदन करी आणि नंतर देणग्या गोळा होत. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांचे आश्रम, विणकामाचे वर्ग, तंबू ठोकून केलेले खेडोपाडीचे दौरे आणि बाप्तिस्मा हे त्यांचे विषय. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी मांडणी वारंवार आढळते : प्रथम दारिद्र्य, आजार वा मूर्तिपूजा, मग स्वच्छ वर्ग आणि बरा झालेला रुग्ण. स्थानिक शिक्षक, परिचारिका व बायबल-स्त्रिया यांनी प्रत्यक्षात मोठा भार उचलला असला, तरी कथेचा नायक गोरा मिशनरीच राहतो. ख्रिस्ताच्या जीवनावरील परदेशी चित्रपट मुंबईत पाहून दादासाहेब फाळके यांना राजा हरिश्चंद्र (१९१३) करण्याची प्रेरणा मिळाली. धर्मकथेच्या पडद्यावरील प्रभावाला भारतातून मिळालेले हे उत्तर मिशनला अपेक्षित नव्हते.

शासन व राष्ट्रीय चळवळ : १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र सक्तीचे केले. घरगुती खेळांना सहसा ही आडकाठी नव्हती. मिठाच्या सत्याग्रहाच्या (१९३०) चित्रणावर मात्र बंदी आली. दुसऱ्या महायुद्धात फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड (१९४०) आणि इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया (१९४३) या सरकारी संस्थांनी प्रचारपट काढले. याच काळात ए. के. चेट्टियार यांनी जगभरची चित्रणे मिळवून महात्मा गांधींवरील माहितीपट (१९४०) तयार केला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले.

जतन व अभ्यास : केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई अभ्यास केंद्राकडे सुमारे ३०० घरगुती चित्रपट असून त्यांतील बरेच महाजालावर पाहता येतात. ब्रिस्टलच्या एम्पायर अँड कॉमनवेल्थ संग्रहालयाचा संग्रह ते बंद पडल्यावर त्या शहराच्या अभिलेखागाराकडे गेला. ‘कलोनियल फिल्म’ प्रकल्पाने ब्रिटिश साम्राज्यविषयक ६,००० हून अधिक चित्रपटांची सूची केली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये १८९९ ते १९४७ या काळातील भारतविषयक चित्रणाचा संग्रह खुला केला. त्यावर आधारित संध्या सुरी यांचा माहितीपट २०१८ मध्ये आला. ॲसिटेट फिल्मला आंबट वास येऊन ती आक्रसते, म्हणून जतनासाठी थंड व कोरडे कोठार लागते.

वर्णनाची विश्वासार्हता ही अभ्यासकांची मुख्य अडचण. ‘पॅनोरमा ऑफ कॅलकटा’ (१८९९) या नावाच्या चित्रपटातील घाट वस्तुतः वाराणसीचे आहेत. व्यावसायिक चित्रपटाच्या शीर्षकात अशी चूक राहते, तेथे डब्यावरील पेन्सिलीच्या नोंदीवर किंवा कुटुंबीयांच्या आठवणीवर विसंबणे अधिकच जोखमीचे. त्यामुळे रिळासोबतची पत्रे, रोजनिशी व मिशनचे वार्षिक अहवाल ताडून पाहतात. चित्रण कोणी, कोणासाठी केले आणि काय वगळले हे कळल्यावरच ते इतिहासाचे साधन ठरते.