शेवाळ का माजतं?

हिंजवडीत एका मित्राकडे खाऱ्या पाण्याचा फिश टँक आहे. हौसेने समुद्रगवत लावलं, पण शेवाळाने पानं झाकून टाकली. बिचारा वैतागलाय.

हे दुखणं जुनंच! १८५० च्या सुमारास लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी टाकीत मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या. पानं कुजली, शेवाळ माजलं. मग त्यांनी गोगलगायी सोडल्या आणि त्यांनी ते फस्त केलं. पुढे खाऱ्या पाण्यातही त्यांनी हेच केलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय सुरू झालं.

पण गोगलगायी तरी किती खाणार? उरलेलं खाद्य आणि माशांची विष्ठा साठली की शेवाळ परत येणारच. मी मित्राला म्हटलं, आधी खाद्य कमी कर.

आपल्या मुळा नदीचं तरी वेगळं काय? आधी सांडपाणी थांबवा. नाहीतर दरवर्षी जलपर्णी काढत बसा!