सुतार, शिक्षक आणि बंब: जर्मनीतील स्वयंसेवक अग्निशमन दले

जर्मनीतल्या लहान शहरांत आणि खेड्यांत आग विझवायला जातात ते बहुतांशी तिथलेच सुतार, शिक्षक, शेतकरी आणि बँकेतले कारकून. अशा बिनपगारी स्वयंसेवकांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. पूर्णवेळ पगारी दल असलेली शहरे जेमतेम शंभराच्या वर भरतात. ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला उभी राहिली.

त्याआधी आग विझवणे ही प्रत्येक नगरवासीयावर सक्ती होती. घरात कातडी बादली ठेवावी लागे, घंटा झाली की धावावे लागे. कोणत्या कारागिरांनी काय घेऊन यायचे हेही नगराच्या नियमांत लिहिलेले असे. दांडा मारून पाणी उडवणारे हातबंब अनेक गावांत होते, पण ते चालवण्याची तालीम कोणी घेतलेली नसे. जो सापडेल तो दांडा धरी आणि हुकूम मात्र दहा जण सोडत. हॅम्बुर्गला ५ मे १८४२ रोजी लागलेली आग ८ मेपर्यंत चालली. ५१ माणसे दगावली, जुन्या शहराचा मोठा भाग बेचिराख झाला.

त्याच वर्षी कार्ल मेट्स याने हायडेलबर्गला बंबांचा कारखाना काढला. त्याचे बंब हलके आणि सुटसुटीत होते. तरीही कायमची, कवायत केलेली तुकडी नसेल तर उत्तम बंबही फुकट, असे तो गिऱ्हाइकांना ठासून सांगे. त्यात धंद्याचे गणित असेलही, पण म्हणणे रास्त होते. बाडेनमधल्या डुर्लाख नगराने १८४६ मध्ये त्याचा बंब घेतला आणि नगराचे बांधकाम अधिकारी क्रिस्टियान हेंग्स्ट यांनी तो चालवायला स्वयंसेवकांचे दल उभारले. सॅक्सनीतल्या माइसेन शहरात असे दल १८४१ मध्येच निघाले होते, त्यामुळे पहिलेपणाच्या मानाला दावेदार दोन आहेत. मात्र गाजले ते डुर्लाख.

त्याला कारण ठरली शेजारच्या कार्ल्सरूऽ या राजधानीतली दुर्घटना. २८ फेब्रुवारी १८४७ रोजी तिथल्या दरबारी नाट्यगृहाने पेट घेतला आणि साठाहून अधिक प्रेक्षक मेले. राजधानीतली मदत गोंधळात सापडली होती. डुर्लाखचे लोक बंब घेऊन आले, ठरल्या जागी उभे राहिले आणि एकाच्या हुकमाने काम करू लागले. नाट्यगृह गेले, लगतच्या इमारती वाचल्या. त्याच वर्षी कार्ल्सरूऽने स्वतःचे स्वयंसेवक दल स्थापन केले आणि इतर नगरांनी तोच कित्ता गिरवला.

माणसे पुरवली ती मुख्यतः व्यायामशाळांनी. शिडीवर चढणे, दोरावरून उतरणे हा तिथल्या तरुणांचा रोजचाच सराव. उल्मचे व्यापारी कोन्राड डीट्रिख मागीरुस यांनी अशाच व्यायामपटूंना घेऊन दल बांधले. त्यांच्याच पुढाकाराने १८५३ मध्ये प्लोखिंगेन इथे अनेक नगरांची दले प्रथम एकत्र भेटली. पुढे मागीरुस स्वतः कारखानदार झाले आणि १८७२ मध्ये त्यांची चाकांवरची शिडी आली.

नागरिकांनी उभ्या केलेल्या या संस्था नाझी सत्तेने ताब्यात घेतल्या. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यू प्रार्थनास्थळे जाळली गेली तेव्हा अनेक ठिकाणी दले हजर होती, पण पाणी मारले ते फक्त शेजारच्या घरांवर. त्याच महिन्यातल्या कायद्याने अग्निशमन दले पोलिसांच्या अखत्यारीत गेली. कवायत आणि हुकमाची सवय कोणत्या कामी लावली जाऊ शकते, हे या इतिहासातले सर्वांत काळे पान दाखवते. युद्धानंतर दले पुन्हा नगरपालिकांकडे आली.

आजच्या प्रशिक्षणाचा पाया मात्र तीच जुनी कल्पना: प्रत्येकाची जागा आधीच ठरलेली. पथक नऊ जणांचे असते. नायक, बंबचालक, निरोप्या आणि दोघादोघांच्या तीन जोड्या. पहिली जोडी आगीत शिरते, दुसरी पाणी आणते, तिसरी नळ्या पसरते. नवख्याला सुरुवातीला सुमारे ७० तासांचे शिक्षण मिळते, त्यात गाठी मारण्यापासून शिडी लावण्यापर्यंत सगळे येते. त्यानंतर दोन वर्षे आपल्या ठाण्यावर सराव चालतो. धुरात जाण्यासाठी पाठीवरच्या हवेच्या नळकांड्याचे वेगळे शिक्षण आणि वैद्यकीय तपासणी लागते, शिवाय दर वर्षी दमछाक करणारी चाचणी द्यावी लागते. आत कोणी एकटे जात नाही. बाहेर दुसरी जोडी साधने चढवून तयार असते, आत गेलेले अडकले तर त्यांना काढण्यासाठी.

भोंगा किंवा कमरेचा पेजर वाजला की स्वयंसेवक हातातले काम टाकून ठाण्याकडे धावतो. मालकाला त्याला सोडावेच लागते. त्या वेळेच्या पगाराची भरपाई नगरपालिका देते. बऱ्याच राज्यांत आठ ते दहा मिनिटांत जागेवर पोहोचण्याचे उद्दिष्ट असते. दिवसा गावातले बहुतेक लोक दूरच्या शहरात नोकरीला गेलेले असतात, त्यामुळे ते गाठणे अवघड झाले आहे. म्हणून सकाळ-दुपारच्या वर्दीला अनेक ठिकाणी शेजारच्या दोन-तीन गावांची दले एकदमच बोलावली जातात.